सहा चाळीसची नोंद

रूपेश पालशेतकरचं हृदय उत्तम आहे, असा निर्वाळा लाँच कंपनीच्या संगणकाने त्या सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी दिला. सव्वानऊ वाजता तोच रूपेश करंजवेळच्या खाडीत, ऐन भरतीला, लाँचच्या सुकाणूवर पालथा पडला. लाँच आपली आपण डावीकडे वळली आणि बासष्ट माणसांसकट कांदळवनाच्या चिखलात जाऊन रुतली. चिखल होता म्हणून सगळे वाचले. चार हात पलीकडे कातळ होता, त्याचं नाव कोणी काढलं नाही.

भरती होती म्हणून दर्शना घरी होती. आदल्या दिवशी ओहोटीला कातळावरून काढून आणलेली कालवं पडवीत बसून फोडत होती. फोन आला तशी हातातल्या कोयतीसकट ती जेट्टीपर्यंत धावली. चौपन्न वर्षांचा नवरा, विडी नाही, दारू नाही, तब्येत ठणठणीत, तो असा पडतोच कसा? तिला रडू आलं नाही. राग आला. कोणाचा, ते तेव्हा तिला सांगता आलं नसतं. नऊ दिवसांनी तो माणूस नेमका सापडला.

सन २०४३ होतं. खाडीवर पूल होणार होणार म्हणता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि माणसं अजून लाँचनेच पलीकडे जात होती. लाँचा विजेवर चालत, तिकिटं तोंड बघून कापली जात, पण सुकाणूवर माणूस लागेच. कारण खाडीतले वाळूचे पट्टे दर पावसाळ्यानंतर जागा बदलत आणि ते ओळखण्याची अक्कल अजून कोणत्या यंत्राला आली नव्हती. असे पाच सारंग होते. रूपेश त्यांतला एक. काठावर तो चारचौघांसारखा, जरा मुखदुर्बळच. पण सुकाणू हातात आलं की त्याची मान ताठ होई. दर्शनाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते सुकाणूवरच, आणि आपण त्या ताठ मानेला भुललो हे ती कोणालाही सांगायला लाजत नसे.

जिल्ह्याच्या गावी मोठ्या इस्पितळात डॉक्टर अस्मा खतीब होत्या. चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी दर्शनाला समोर बसवून सगळं समजावलं.

"हृदय फार दुबळं झालंय. रक्त ढकलायची ताकद तिसऱ्या हिश्श्यावर आलीय. पण कंपनीकडे यांची दोन वर्षांची रोज सकाळची नोंद आहे, ती आम्ही मागवली. सातशेच्या वर सकाळी. थोडे दिवस सोडले तर एकूण एक उत्तम. पडले त्या दिवशीचीसुद्धा. म्हणजे हे दुखणं जुनं नाही. अचानक आलेलं आहे. एखाद्या विषाणूने हृदयाला सूज आली असणार."

"मग ते चांगलं की वाईट?"

"चांगलं. कालपर्यंत धडधाकट असलेलं हृदय लवकर वळणावर येतं. जुनं आजारी असतं, तर मला फार सांभाळून, हळूहळू जावं लागलं असतं."

त्यांनी पडद्यावर एक हृदय दाखवलं. लालसर, आकुंचन पावणारं, झडपा उघडणारं-मिटणारं. रूपेशचं जुळं हृदय, असं त्या म्हणाल्या. सातशे सकाळींच्या नोंदींतून, ठोक्यांच्या आवाजातून, विजेच्या लहरींतून संगणकाने ते उभं केलं होतं. औषध आधी या जुळ्याला द्यायचं, ते काय करतं ते बघायचं, मग माणसाला. आणि खऱ्या हृदयाभोवती एक मऊ जाळी बसवायची. तिचे धागे विजेने आवळतात आणि सैल होतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती बाहेरून हात देते. कधी आवळायचं, किती जोराने, हे जाळी जुळ्याकडून शिकते. तीन महिन्यांत आजारी हृदय ओढत ओढत पुन्हा पहिल्यासारखं करायचं आणि मग जाळी विरघळून जाते.

"पहिल्यासारखं म्हणजे या पडद्यावरच्यासारखं," डॉक्टर म्हणाल्या. "बघा किती सुरेख चालतंय. वयाच्या मानाने दहा वर्षांनी तरुण आहे."

दर्शना त्या हृदयाकडे बघत राहिली. नवऱ्याचं हृदय इतकं देखणं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने सही केली.

शस्त्रक्रिया ठीक झाली. दुसऱ्या दिवशी रूपेश डोळे उघडून बोलला. डॉक्टरांनी त्यालाही जुळ्याची, जाळीची गोष्ट सांगितली. सांगत असताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला. शस्त्रक्रियेचा अशक्तपणा, असं सगळ्यांनी धरलं.

चौथ्या दिवसापासून सगळं उलटं व्हायला लागलं. बसता केला की घेरी. पायांवर सूज. दोन पावलं टाकली की धाप. पेजेचा तिसरा घोट घ्यायला नको. जाळीतूनही काही आकडे येत, ते वाईट होते. पण संगणक म्हणे, जाळी नवी आहे, तिचे आकडे अजून भरवशाचे नाहीत, रोजची नोंद तर उत्तम आहे. मग बोट माणसाकडे वळलं. रुग्ण मनाने खचलाय. रुग्ण प्रयत्न करत नाही. एका परिचारिकेने दर्शनाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, घरात काही भांडणबिंडण आहे का? दर्शनाने तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विचारलं नाही.

दर्शनाचा मुक्काम वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. मुलगी मस्कतला होती, तिकडून रोज फोन करायची. कपड्यांच्या पिशवीत दर्शनाने घरून येताना आपली चकतीही टाकली होती.

या चकतीची गोष्ट सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी, लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या आसपास, रूपेशने ती घरी आणली. रुपयाच्या नाण्यापेक्षा जरा मोठी, छातीवर धरली की चिकटून बसणारी. "कंपनीने दिलीय, घरच्या बायकांसाठी," तो म्हणाला. "तुझं ते थायरॉईड हाय ना, त्याच्यावर लक्ष राहील." दर्शनाला हसू आलं होतं. पंचवीस वर्षांत या माणसाने तिला कधी ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नव्हतं. पण तेव्हापासून रोज सकाळी सहा चाळीसला, चुलीवर चहा ठेवला की तो तिला पाटावर बसवी, स्वतःच्या हाताने तिच्या छातीवर चकती धरी, आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं बसून राही. ती बोलायला गेली की म्हणे, "गप. नोंद बिघडते." एक दिवस चुकला नाही. सुट्टीच्या दिवशी नाही, गणपतीत नाही. त्याची स्वतःची तपासणी जेट्टीवरच्या ऑफिसात होते, असं तो सांगे.

दर्शनाने ही दहा मिनिटं कोणाला सांगितली नव्हती. पण ती तिची होती. काही माणसांना बोलून दाखवता येत नाही, त्यांचा हात बोलतो, असं तिने स्वतःला समजावलं होतं आणि त्यावर ती दोन वर्षं खूष होती. म्हणून इस्पितळातही सकाळी सहा चाळीसला ती बाकावर बसून आपली आपण चकती छातीवर धरी. तो धरायचा तशीच. तेवढाच तिला धीर वाटे.

नवव्या दिवशी सकाळी डॉक्टर खतीबनी तिला बोलावलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"दर्शनाताई, मला स्पष्ट विचारायचंय. तुमचे मिस्टर काही लपवतायत का? दुसरीकडचं काही औषध? जडीबुटी?"

"नाय ओ. माझ्या हातचं पाणीसुद्धा धड पीत नाहीत."

"मग हे मला समजत नाही. समोर माणूस सुजतोय, आणि नोंदी बघा. ही आज सकाळची. सहा चाळीसची. इतकी चांगली की आमच्या संगणकाने जाळीचा जोर एक पायरी वाढवायला सांगितलंय. आज चार वाजता वाढवणार."

"आज सकाळची कुठली नोंद?"

"त्यांच्या चकतीची. कंपनीची चकती असते ना, ड्युटीआधी घरी बसून लावायची. तिची नोंद थेट आमच्याकडे येते. इथेही लावतात ते रोज, बरोब्बर सहा चाळीसला. माणूस तेवढा शिस्तीचा आहे."

रूपेशच्या बिछान्यात चकती नव्हती. चकती तिच्या पिशवीत होती. आणि सहा चाळीसला ती कोणाच्या छातीवर होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"मागचं दाखवता येतं का?" तिने विचारलं. "मागच्या वर्षी ऑगस्टात. नऊ तारखेपासून."

डॉक्टरांनी बोट फिरवलं. आलेख खालून सपाट चालत आला आणि नऊ ऑगस्टला उसळला. "हो, इथे यांना ताप होता. सहा दिवस. संगणकानेही तसंच लिहिलंय, हृदयाचा दोष धरला नाही."

ताप दर्शनाला होता. डेंग्यूचा. अंग मोडून पडलं होतं, उठून बसवत नव्हतं, तरी हा माणूस सहा चाळीसला हजर. तिने डोळे उघडून त्याला म्हटलं होतं, तुम्ही किती करता माझं.

"आणि तीन फेब्रुवारी?"

तीन फेब्रुवारीला आलेख वेडावाकडा होता. ठोके तुटक, पाठोपाठ, मध्येच थांबलेले. "कसलासा धक्का दिसतो," डॉक्टर म्हणाल्या. "कोणी गेलं होतं का यांचं?"

दोन फेब्रुवारीच्या रात्री दर्शनाची आई गेली होती. पहाटे स्मशानातून माणसं परतली. आणि सहा चाळीसला रूपेशने रडणाऱ्या दर्शनाच्या छातीवर चकती धरली होती. नेहमीसारखाच घड्याळाकडे बघत.

ती खुर्चीवरून उठली. "चारच्या आत येते," एवढंच म्हणाली.

पंचवीस वर्षं, वर दोन, तिने नवऱ्याला अहो-जाहो केलं होतं. त्या सकाळी वॉर्डाचा पडदा सरकवून ती आत गेली आणि तिच्या तोंडून आलं ते ‘तू’.

"तू माझं काळीज विकलंस काय रे?"

रूपेशने डोळे मिटले. मग उघडले. "हळू बोल गो. ऐकतील."

"ऐकू देत. ती चकती तुझी होती?"

तिने पिशवीतून चकती काढून त्याच्या पांघरुणावर टाकली.

"दोन वर्षांमागे छातीत धडधडायला लागलं," तो तुकड्या-तुकड्यांत म्हणाला. दर दोन शब्दांना त्याला थांबावं लागत होतं. "उगाच. उभ्या उभ्या. त्याच आठवड्यात कंपनीने चकत्या वाटल्या. तीन नोंदी वाईट आल्या की सारंगाचं लायसन रद्द. पहिल्या आठवड्यात पांडूतात्यांचं गेलं. चाळीस वर्षं खाडी कापलेला माणूस... आज जेट्टीच्या फाटकावर उभा राहून लोकांना रांगेत लावतो. मी रोज बघायचो त्याला. मान खाली घालून उभा असतो."

"म्हणून माझी नोंद."

"सगळेच करतात. सुधाभाऊंनी सांगितलं. बायकोची लावायची. यंत्राला काय कळतंय? त्याला सांगितलं पुरुष, तर पुरुष."

"आणि इथे? शुद्धीवर आलास तेव्हा डॉक्टरनी सांगितलं की त्या नोंदींवरून, म्हणजे माझ्या हृदयावरून, तुझं हृदय चालवतायत. तुला तेव्हाच कळलं. आठ दिवस गप्प पडून आहेस?"

"जाळी बसली ना एकदा... सवय होईल. तुझं हृदय चांगलं हाय."

दर्शनाने हात पलंगाच्या दांडीवर घट्ट आवळले, नाहीतर तिने या आजारी माणसाच्या कानफटात दिली असती, हे नंतर तिनेच सांगितलं.

"माझं हृदय कालवं काढून काढून असं झालंय," ती म्हणाली. "कंबरभर पाण्यात वाकून. तुझ्या उपयोगासाठी नाय झालेलं. आणि ऐक. मला वाटत होतं तू माझी काळजी करतोस. रोज सकाळी वाटत होतं. आई गेली त्या दिवशी वाटलं, बोलत नाय पण बघ, जवळ बसलाय. आणि तू घड्याळ बघत होतास! बासष्ट माणसं होती लाँचीत. ती माझ्या नाडीवर बसून चालली होती आणि मला माहीतसुद्धा नाय!"

"दर्शना, सांगू नको. तुझ्या पाया पडतो. सुकाणू गेलं तर जमिनीवर मी कोण गो? मला मेलेलं चालेल."

"तुला चालेल. मला विचारलंस?"

ती बाहेर आली तर बाकावर सुधाकर डोर्लेकर बसलेले. सगळे त्यांना सुधाभाऊ म्हणत. पाची सारंगांत थोरले. रूपेशला सुकाणू धरायला त्यांनीच शिकवलं. हातात शहाळी होती. दर्शनाचा चेहरा बघून त्यांना सगळं समजलं.

"वहिनी, रागावू नका. पोटात घ्या," ते म्हणाले. "तुम्ही तोंड उघडलंत तर पाचही जण किनाऱ्यावर बसू. लाँचा बंद पडतील. पोरांची शाळा पलीकडे, बाजार पलीकडे."

"भाऊ, तुमची नोंद कोणाची? कुंदावहिनींना तर बीपी आहे."

सुधाभाऊंनी मान वळवली. "सुनेची."

"ती तर आठ महिन्यांची पोटुशी आहे!"

"म्हणून तर जरा घोटाळा व्हायला लागलाय," सुधाभाऊ खरोखरीच्या चिंतेने म्हणाले. "ठोके वाढलेत. कंपनीने विचारणा केलीय, मी चहा जास्त पितो का म्हणून."

एरवी दर्शना हसून हसून लोळली असती. आता तिला त्या म्हाताऱ्याच्या हातातली शहाळी खाली आपटावीशी वाटली. पाच घरं. पाच बायका रोज सकाळी पाटावर बसलेल्या. त्यांतल्या कितींना ठाऊक होतं आणि कितींनी तिच्यासारखंच ते प्रेमाच्या खाती जमा केलं होतं? राग तिला नवऱ्याचा होता, या भाऊंचा होता, आणि त्या कंपनीचाही होता, जिने आजार शोधायचं यंत्र दिलं आणि आजार सापडला की माणसाला फाटकावर उभं केलं. अशा यंत्राला कोण स्वतःचं हृदय दाखवेल?

"भाऊ, शहाळी घेऊन घरी जा," ती म्हणाली. "आणि सुनेला खरं सांगा. मी सांगायच्या आत."

पण ती लगेच डॉक्टरांकडे गेली नाही, हेही खरं आहे. दुपार टळेपर्यंत ती बाकावर बसून राहिली. सांगितलं तर सुकाणू गेलं, कायमचं. ती ताठ मान गेली. हा माणूस वाचेल आणि पुढची वीस वर्षं भिंतीकडे तोंड करून निजेल, आणि ते तिने केलेलं असेल. नाही सांगितलं तर चार वाजता तिचंच हृदय याच्या हृदयाला ओढत नेईल, आणि त्याला ते झेपणार नाही. मुलीला फोन लावायला तिने दोनदा हात घातला, दोनदा मागे घेतला. मुलीने काय सांगायचं? तीन वाजले. सव्वातीन. आत परिचारिका जाळीचा रिमोट तपासून गेली.

दर्शना उठली, चकती घेतली आणि डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"संगणकाचा पडदा लावा," ती म्हणाली. "ते जुळं दाखवा."

"दर्शनाताई, मी जरा घाईत—"

"लावा म्हणते ना!"

पडद्यावर ते सुरेख हृदय आलं. दर्शनाने पदराआड हात घालून चकती छातीवर बसवली. पडद्यावर खाली अक्षरं उमटली: रूपेश पालशेतकर, नोंद सुरू. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली.

"आता इथून हलू नका," दर्शना म्हणाली, आणि खोलीबाहेर पडून जिन्याला लागली. पन्नाशीला टेकलेली बाई साडीचा ओचा धरून तीन मजले धावत चढली, धावतच उतरली. लोक बघत राहिले. ती दारात परत आली तेव्हा पडद्यावरचं हृदय धाडधाड चालत होतं. आकडा एकशे सदतीस होता. डॉक्टर उभ्या राहिल्या होत्या. भिंतीपलीकडे खाटेवर रूपेश पालशेतकर निपचित पडून होता.

"हे माझं हाय," दर्शना धापा टाकत म्हणाली. "सातशेच्या सातशे सकाळी माझ्या आहेत. त्याचं हृदय दोन वर्षं आजारी आहे आणि ते कोणी एकदाही ऐकलेलं नाय. मीसुद्धा."

डॉक्टर खतीब दारातून धावतच गेल्या, आणि वॉर्डातून त्यांचा आवाज आला, जाळी थांबवा, आत्ता, या क्षणी. चाराला वीस मिनिटं कमी होती.

संध्याकाळी त्या दर्शनाशेजारी बाकावर येऊन बसल्या. जुनं दुखणं होतं ते आम्ही नवं समजलो, त्या म्हणाल्या. दमलेल्या बैलाला चाबूक मारावा तसं नऊ दिवस मारत होतो. आजची पायरी चढवली असती तर हृदयाचा स्नायू फाटला असता. "चूक आमचीसुद्धा आहे. समोर सुजलेला माणूस दिसत होता आणि मी पडद्याकडे बघत राहिले."

"हो, आहे," दर्शना म्हणाली. तिने त्यांना ‘नाही हो’ म्हटलं नाही.

जुनं जुळं पुसलं. रूपेशच्या स्वतःच्या छातीवर चकती लावून नवं जुळं बांधायला घेतलं, पहिल्या ठोक्यापासून. ते दिसायला काही देखणं नव्हतं. एका बाजूने ढिलं, ठोका चुकवणारं. त्याच्याकडून जाळी नव्याने शिकली. हळूहळू, हात देत, न ओढता. सूज उतरली. सोळाव्या दिवशी रूपेश भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेला. महिन्याने घरी आला.

इस्पितळातून बातमी कंपनीकडे गेली, सगळ्या सारंगांची फेरतपासणी लागली आणि लाँचा अकरा दिवस बंद होत्या. त्या अकरा दिवसांत दर्शनाला करंजवेळमध्ये कोणी दोन शब्द चांगले बोललं नाही. बाजारात तिची कालवं कोणी घेईना. चौकशीला कंपनीचा साहेब आला, त्याच्यासमोर तिने सांगितलं, की नोंद वाईट आली तर माणसाला औषध द्या, रजा द्या, बरा झाला की सुकाणू परत द्या. नाहीतर तुम्ही कितीही चकत्या वाटा, तुमच्याकडे बायकाच येतील. साहेबाने ते लिहून घेतलं. पुढच्या महिन्यात कंपनीने नव्या चकत्या आणल्या, ज्यांना कॅमेरा होता. नियम तोच राहिला. दर्शनाने त्या साहेबाला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. तिच्या बाजूने बोललेली एकच बाई होती, सुधाभाऊंची सून. ती तान्ह्या मुलीला घेऊन घरी येऊन गेली.

रूपेशचं लायसन गेलं. घरी आल्यावर त्याने दर्शनाशी तीन आठवडे अबोला धरला. तिने तो धरू दिला. पेज वेळेवर दिली, गोळ्या वेळेवर दिल्या, आणि मनधरणी केली नाही. रागवायचा हक्क कोणाचा आहे, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

बाविसाव्या दिवशी सकाळी तो आपणहून पाटावर येऊन बसला. इस्पितळाने दिलेली चकती त्याच्या हातात होती. शस्त्रक्रियेच्या बाजूचा खांदा अजून उचलत नव्हता, आणि दुसऱ्या हाताने ती नीट जागी बसेना. रोज तो कशीबशी बसवायचा. आज त्याने ती दर्शनापुढे धरली.

"लावतेस?"

तिने चहा खाली उतरवला, हात पुसले, समोर बसली. चकती त्याच्या छातीवर ठेवून वर तळवा दाबला. हाताखाली त्याचं हृदय लागलं. दोन ठोके बरे, तिसरा उशिरा, चौथा घाईत. सत्तावीस वर्षांत हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला.

"दर्शना," तो म्हणाला, "आई गेल्या त्या दिवशी... मला लाज वाटत होती. म्हणून मी घड्याळाकडे..."

"गप. नोंद बिघडते."

दहा मिनिटं ती बसून राहिली. घड्याळाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. मग चकती किणकिणली आणि फोनवर अक्षरं आली. त्याला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं.

"काय म्हणते?"

"वाईट आहे," तिने वाचून सांगितलं. "पण कालच्यापेक्षा बरी आहे. आणि तुझी आहे."

तो मान खाली घालून बसला. तसाच म्हणाला, "उद्यापण लावशील?"

"उद्या तू स्वतः लावायचा प्रयत्न कर. नाय जमलं तर हाक मार." दर्शनाने कोपऱ्यातली कोयती आणि टोपली उचलली. "आणि चहा घे. मला ओहोटी गाठायचीय."